मेंदूची हमी दह्याच्या वाटीकडे मागू नका

रायपूरच्या समता कॉलनीतल्या मराठी ज्येष्ठांत सध्या दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचं म्हणणं असं, की साठीनंतर विसरायला होतं त्याचं मूळ डोक्यात नाही, पोटात आहे. आतड्यातले चांगले जिवाणू कमी झाले की मेंदू मंदावतो, म्हणून रोज सकाळी एक प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यावी. दुसऱ्या पंथाला कॅप्सूलचं नाव काढलं तरी हसू येतं. हे सगळं आपल्या आजीला ठाऊकच होतं, ताक, आंबील, लोणचं आणि इथल्या मातीतली बोरे-बासी (पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात) एवढं खाल्लं की नव्वदीतही पाढे पाठ, असं त्यांचं ठाम मत. गायत्री मंदिराकडून चौबे कॉलनीच्या दिशेने संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या घोळक्यात हे दोन्ही पंथ एकमेकांची टिंगल करत बरोबरच चालतात. मुळात त्यांचं एकमतच आहे: जिवाणू सांभाळा, मेंदू आपोआप सांभाळला जाईल. माझा वाद या एकमताशी आहे.

निमित्त झालं ते एका व्याख्यानाचं. ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या या कार्यक्रमात वक्त्यांनी तासभर पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आनंद देणारं सेरोटोनिन नव्वद टक्के पोटात तयार होतं, म्हणजे पोट हाच दुसरा मेंदू. म्हाताऱ्या उंदरांना तरुण उंदरांचे जिवाणू दिले तर ते पुन्हा हुशार होतात. अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू वेगळेच असतात. आपल्या पूर्वजांना हा आजार माहीतच नव्हता. शेवटी टेबलावर डबे मांडले गेले आणि बरेच खपलेही. विकणाऱ्याने विकावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या शेजारी बसलेल्या एका काकूंनी डबा पर्समध्ये ठेवत विचारलं, ‘आता बीपीची गोळी थोडी कमी केली तर चालेल ना?’ तेव्हा मात्र हे लिहिणं भाग झालं.

आधी खरं तेवढं मान्य करते. आतडं आणि मेंदू यांच्यात दळणवळण आहे. व्हेगस नावाची मोठी नस पोटातल्या खबरा वर पोचवते. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि शरीरातला दाह आटोक्यात ठेवायला मदत करतात. दाह आणि मेंदूची झीज यांचा संबंध आहे, हेही खरं. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठाने २००४ मध्ये दाखवलं, की पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना ताण आला तर त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया नेहमीपेक्षा जास्त तीव्र असते. आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठाने २०२१ मध्ये तरुण उंदरांची विष्ठा म्हाताऱ्या उंदरांच्या पोटात घातली, आणि त्यांच्या मेंदूत वयामुळे झालेले काही बदल मागे फिरताना दिसले. वय वाढतं तशी पोटातली वस्ती बदलते, हे आपल्याकडेही पाहिलं गेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने एकाच छताखाली राहणाऱ्या कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासून २०१२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. नमुना अगदी लहान होता. त्यातून मेंदूबद्दल काही सांगण्याचा मोह मात्र त्यांनी धरला नाही, आणि हेच मला त्या कामात आवडतं.

म्हणजे विषय भाकड नाही. त्यावरून काढलेले निष्कर्ष भाकड आहेत.

सेरोटोनिनचंच घ्या. नव्वद टक्के पोटात तयार होतं, हे खरं आहे. पण रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही यावर कडक पहारा असतो, आणि पोटातलं सेरोटोनिन तो पहारा ओलांडू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. पोटातलं पोटातच राबतं, आतड्याची हालचाल सांभाळतं. वक्त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गाळलं. दुसरं सांगितलं असतं तर डबे निम्मेच खपले असते.

ही कल्पना ताजी आहे असं समजण्याचंही कारण नाही. एली मेचनिकॉव्ह हा रशियन साम्राज्यात जन्मलेला शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होता. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू विष सोडतात आणि त्यानेच म्हातारपण येतं, असं त्याचं मत बनलं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने तिकडच्या दह्यातला जिवाणू शोधला होता. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात असा बोलबाला होता. मेचनिकॉव्हने दोन्ही गोष्टी जोडल्या, आणि युरोपभर आंबवलेल्या दुधाची लाट आली. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. लोकांनी ते दह्याच्याच खात्यात जमा केलं. लंडनमध्ये आर्बुथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन तर याच ‘आतड्यातल्या विषा’च्या धास्तीने माणसांची मोठी आतडीच कापून काढत होते. रोज आंबट दूध पिणारा मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये ७१व्या वर्षी हृदयविकाराने गेला. पुढे येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यांनी तपासलं, तेव्हा दह्यातला तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहतच नाही असं दिसलं. शंभर वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आपण डब्यावरचं चित्र बदलून पुन्हा विकत घेत आहोत.

आजच्या कॅप्सूलमधले जिवाणू तरी राहतात का? इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये लोकांच्या आतड्यात दुर्बीण घालून हे पाहिलं. काहींच्या पोटात ते तात्पुरते टिकले, काहींच्या पोटातून नुसतेच पुढे निघून गेले. त्याच गटाने प्रतिजैविकांचा डोस झालेल्या लोकांनाही प्रोबायोटिक दिलं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे मूळचे जिवाणू लवकर परतले, आणि प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे रेंगाळले. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब काही जणांत या कॅप्सूलने कमी होतात, तेवढा उपयोग मी मान्य करते. पण जुलाब थांबणं आणि स्मृती टिकणं यांत फार अंतर आहे.

आता खुद्द मेंदूवरच्या चाचण्या पाहू. इराणमध्ये २०१६ साली अल्झायमरच्या ६० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली आणि प्रोबायोटिक दूध घेणाऱ्यांचे गुण थोडे सुधारले. दोन वर्षांनी तिथेच आजार बळावलेल्या रुग्णांवर दुसरी चाचणी झाली, तेव्हा काहीच फरक पडला नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर १२ आठवडे प्रयोग केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्मरणाच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. ही बातमी कॅप्सूलवाले हमखास दाखवतात. त्या प्रयोगात जिवाणू दिलेच नव्हते, जिवाणूंचं खाद्य म्हणजे एक प्रकारचा चोथा दिला होता, हे सांगायला मात्र विसरतात. चीनने नोव्हेंबर २०१९ मध्ये समुद्री शेवाळापासून बनवलेल्या एका औषधाला अल्झायमरसाठी सशर्त परवानगी दिली. ते आतड्यातल्या जिवाणूंमार्फत काम करतं, असा दावा होता. त्याची जागतिक चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावर थांबली.

पोट आणि मेंदूच्या नात्याचा सगळ्यात भक्कम पुरावा कुठे असेल तर तो पार्किन्सनमध्ये. हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षं आधी यातल्या अनेक रुग्णांना बद्धकोष्ठता असते. आजार पोटात सुरू होऊन व्हेगसच्या वाटेने वर चढतो, अशी मांडणी हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ मध्ये केली, आणि तिच्या बाजूने बरंच काही सापडलं आहे. इथे तरी जिवाणू बदलून आजार हटला का? निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये आले. बेल्जियममध्ये हालचालींत किंचित सुधारणा झाली, फिनलंडमध्ये काहीच नाही. जिथे पाया सगळ्यात पक्का तिथली ही गत असेल, तर विसराळूपणाच्या डब्याची काय कथा!

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘रुग्णांचे जिवाणू वेगळे असतात’ हा मुद्दा. असतातच. कॉर्कच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये १७८ वृद्ध माणसं तपासली. काही स्वतःच्या घरी राहणारी, काही वर्षानुवर्षं शुश्रूषागृहात असलेली. घरच्यांच्या पोटात जिवाणूंचं वैविध्य होतं, शुश्रूषागृहातल्यांच्या पोटात ते आटलं होतं, आणि त्यांची प्रकृतीही तशीच खालावलेली होती. का? ताटात रोज तेच ते मऊ, पांढरं, चोथा नसलेलं अन्न. माणूस कुठे आणि कोणाबरोबर राहतो त्यावर तो काय खातो हे ठरलं, आणि काय खातो त्यावर जिवाणू ठरले. अल्झायमरचा रुग्ण जेवायचं विसरतो, गोड मागतो, फिरायला जात नाही, पाणी कमी पितो, चार-पाच औषधं घेतो. त्याचे जिवाणू वेगळे नसतील तर नवल. ते इथे साक्षीदार आहेत. आपण मात्र साक्षीदाराला आरोपी करून त्याच्या बदलीची मागणी करतो आहोत.

आमच्याच कॉलनीतल्या एका घराचं उदाहरण देते. दुसऱ्या मजल्यावर सत्तरीपलीकडचं जोडपं, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. फ्रिजच्या दारात प्रोबायोटिक पेयाच्या इवल्या बाटल्या रांगेत उभ्या, मुलीने ऑनलाइन मागवून दिलेल्या. ओट्यावर टोस्टची बरणी. दुपारी वरण-भात-पोळी होते, पण रात्री दोघंच, म्हणून चहा-टोस्ट किंवा दूध-पाव. काकांची कवळी टोचते, त्यामुळे काकडी, गाजर, मोड आलेली कडधान्यं बंद झाली त्याला वर्षं झाली. टीव्हीचा आवाज एवढा की खालच्या मजल्यावर बातम्या पाठ होतात. काकू दोनदा हाक मारतात आणि तिसऱ्यांदा मारतच नाहीत. या घरात मेंदूला धोका देणाऱ्या गोष्टी मोजायला बसलं तर बाटल्यांत कोणते जिवाणू आहेत हा प्रश्न शेवटून पहिला येईल. कवळी नीट बसवून घेणं, कान तपासणं आणि रात्रीच्या जेवणाला ताटात खरंच काहीतरी असणं, हे तीन त्याच्या कितीतरी आधी.

यावर कॅप्सूलवाला म्हणेल, मग आहाराचं महत्त्व तुम्हालाही मान्यच आहे. आहे. पण तिथेही उत्साहाला लगाम हवा. ‘माइंड’ नावाचा आहार आपल्याकडच्या मासिकांतूनही गाजला: हिरव्या भाज्या, बेरी, सुका मेवा, ऑलिव्ह तेल. तो काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमर ५३ टक्क्यांनी कमी आढळला, असं २०१५ च्या पाहणीत दिसलं होतं. पण असा आहार घेणारा माणूस बहुधा शिकलेला, पैसा राखून असलेला, सिगरेट न ओढणारा आणि चालायला जाणारा असतो. त्यातला फायदा आहाराचा किती आणि बाकीच्याचा किती, हे पाहणीतून कळत नाही. म्हणून ६०४ लोकांवर तीन वर्षं रीतसर चाचणी घेतली गेली. तिचा निकाल २०२३ मध्ये आला: हा आहार घेणारे आणि नुसतं थोडं कमी खाणारे, यांच्यात मेंदूच्या बाबतीत सांगण्याजोगा फरक नाही. दोन्ही गट आधीपेक्षा थोडे सुधारले. युरोपातल्या पाच देशांत ६०० हून अधिक वृद्धांना वर्षभर भूमध्य समुद्राकडचा आहार दिला गेला. त्यात जिवाणूही बदलले, दाहही कमी झाला आणि बुद्धीच्या चाचण्याही थोड्या बऱ्या आल्या. ही २०२० मधली चाचणी मला आशादायक वाटते. पण तिथेही बदललं होतं ते रोजचं ताट.

आता दुसऱ्या पंथाकडे वळते. हा पंथ आपला आहे, म्हणून त्याची झडती जास्त कसून घ्यायला हवी. १ मे २०२२ ला, श्रमिक दिनी, छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं. मंत्री, कलेक्टर, पोलीस अधिकारी सगळे मांडी घालून बसले आणि फोटो निघाले. उपक्रम मला आवडला. जे अन्न शेतमजुराचं म्हणून शहरात लपवलं जात होतं, ते ताठ मानेने खाल्लं गेलं. आमच्याकडे कामाला येणारी बाई घरून बासी खाऊन निघते. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवलेला, सकाळी त्यात मीठ, बाजूला कांदा, हिरवी मिरची, असली तर थोडी भाजी. मे महिन्यात रायपूर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना भाजून निघत असताना पोटात पाणी, मीठ आणि स्टार्च एकदम घालणारा यापेक्षा शहाणा पदार्थ मला माहीत नाही. आपली ज्वारीची आंबील त्याच जातीची.

पण त्या दिवसापासून बासीच्या अंगावर एकेक बिरुद चढत गेलं. त्यातलं एक फार घातक आहे: बासीत बी-बारा जीवनसत्त्व भरपूर असतं. भातात बी-बारा नसतं. रात्रभर आंबवणारे साधे जिवाणू ते भरवशाने तयार करत नाहीत. इतकंच काय, आपल्या मोठ्या आतड्यातले काही जिवाणू बी-बारा बनवतात, पण ते शरीरात शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे मोठं आतडं सुरू होण्याच्या आधीच. माल तयार होतो तोवर गोदाम मागे पडलेलं असतं. म्हणून जिवाणूंच्या भरवशावर बसलेला शाकाहारी माणूस बी-बाराच्या बाबतीत उपाशीच राहतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचे आकडे मांडले होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-बारा कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. हा समता कॉलनीचाच आरसा आहे. बी-बारा कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, माणूस चिडचिडा होतो. वेळेत इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळाल्या तर यातलं बरंच मागे फिरतं. म्हातारपणी ज्या थोड्या विसराळूपणावर साधं औषध आहे, त्यांतला हा एक. तोच आपण ‘बासीत सगळं आहे’ म्हणून हातचा घालवतो.

‘आजीला हे आजार नव्हते’ हे पालुपद आता तपासू. याचा आधार म्हणून हरियाणातलं बल्लभगढ पुढे केलं जातं. तिथल्या खेड्यांत नव्वदच्या दशकात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी पाहणी केली. पासष्टीपुढच्यांत अल्झायमरचे नवे रुग्ण वर्षाला हजारी ४.७ निघाले, आणि पेनसिल्व्हेनियातल्या तशाच पाहणीत १७.५. मग कुणी हळदीला श्रेय दिलं, कुणी ताकाला. संशोधकांनी दिलं नव्हतं. आजार झालेला माणूस तिथे फार दिवस जगत नाही, त्याचा विसराळूपणा घरचे वय म्हणून सोडून देतात, जनुकांतही फरक असतो, अशी बरीच कारणं संभवतात. अलीकडे देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले: साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, तेव्हा आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नये. पण नव्या पाहणीत शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघालं आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आजीच्या स्वयंपाकघराने मेंदू वाचत असता तर खेड्यातली आजी सगळ्यात सुरक्षित असायला हवी होती. तिला शाळा मिळाली नाही, बीपी कधी मोजलं गेलं नाही, चुलीचा धूर जन्मभर मिळाला. आणि स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचं सरासरी आयुर्मानच ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा आहे, हे धरूनही ऐंशी गाठणारे फार थोडे होते. आजार दिसायला आधी वय व्हावं लागतं.

अन्नाचा मज्जासंस्थेवर परिणाम होतच नाही, असं मी म्हणत नाही. उलट त्याचं जगातलं एक ठळक उदाहरण आपल्याच परिसरात आहे. इथला तिवरा, विदर्भातली लाखोळी. दुष्काळात बाकी पिकं जळतात, हे तगतं. मग गरीब माणूस महिनोन्महिने त्याच डाळीवर काढतो, आणि तरुण धडधाकट मजुराचे पाय कडक होत जाऊन तो काठीवर येतो. कारणीभूत द्रव्य सापडलं, त्याला ओडॅप म्हणतात. किती काळ आणि किती प्रमाणात खाल्लं तर धोका, डाळ भिजवून उकळून पाणी फेकलं तर तो किती कमी होतो, हे सगळं माहीत झालं. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. आमच्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘महातिवरा’ हा कमी ओडॅपचा वाण काढला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद नागपूरकरांनी बराच रंगवला आहे, त्यात मी शिरत नाही. अन्न आणि नसा यांचा संबंध सिद्ध झाला की तो असा दिसतो: द्रव्य कोणतं, मात्रा किती, अवधी किती आणि ते काढून घेतलं तर काय होतं. हेच चार प्रश्न डबा विकणाऱ्याला विचारा. उत्तरादाखल तुम्हाला रंगीत चित्र मिळेल.

मग मेंदू सांभाळायचा तरी कसा? ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये जगभरचा पुरावा चाळून टाळता येण्याजोगी १४ कारणं काढली. ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशेब. अपुरं शिक्षण, ऐकू न येणं, दिसायला कमी होणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, सिगरेट, दारू, हालचाल नसणं, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि हवेतलं प्रदूषण. या यादीत आतड्यातले जिवाणू नाहीत. आहार हेही स्वतंत्र कलम नाही. तो मधुमेह, बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या पोटात येतो. आणि शेवटचं कलम रायपूरकरांनी दोनदा वाचावं. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुंड्यांच्या पानांवर, खिडकीच्या गजांवर बसणारी काळी धूळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत रायपूर जगातल्या सर्वांत दूषित हवेच्या शहरांत सातवं होतं. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांबद्दल आमच्या घोळक्यात कुणी चकार शब्द काढत नाही. कॅप्सूलबद्दल रोज बोलतात. कॅप्सूल विकत घेता येते, धुराशी मात्र भांडावं लागतं.

जी कसोटी दह्याला लावली ती माझ्या शिफारशींनाही लावायला हवी. कानाच्या यंत्राची मोठी चाचणी अमेरिकेत ९७७ वृद्धांवर झाली, २०२३ मध्ये निकाल आला. सगळे मिळून पाहिलं तर फरक नव्हता. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात मात्र तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. म्हणजे यंत्र हीही जादूची कांडी नव्हे. रक्तदाबाचा पुरावा याहून भक्कम आहे. चीनच्या ३२६ खेड्यांत जवळजवळ ३४ हजार लोकांवर चार वर्षं प्रयोग झाला. मोठे डॉक्टर नव्हेत, गावातले साधे आरोग्यसेवक नेटाने बीपी मोजत आणि गोळ्या देत राहिले. स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. हा निकाल २०२५ मधला. छत्तीसगडात गावोगाव मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, आहेत. हे इथे व्हायला काय हरकत आहे, हा प्रश्न बासीच्या फोटोंपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. आणि त्या काकूंना उत्तर: नाही, बीपीची गोळी कमी करायची नाही. जिवाणूंसाठी म्हणून रोज लोणच्याच्या चार फोडी खात असाल, तर त्यातलं मीठ कमी करा.

‘घेतली कॅप्सूल तर बिघडलं कुठे?’ हा शेवटचा बचाव. बहुतेकांचं काही बिघडत नाही, हे खरं. पण जिवाणू म्हणजे निरुपद्रवीच, असं नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं, तेव्हा ते घेणाऱ्यांत २४ जण दगावले आणि न घेणाऱ्यांत ९. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. ते रुग्ण अत्यवस्थ होते, आपल्याला तो धोका नाही. आपला धोका वेगळा आहे, तो म्हणजे वेळ जाण्याचा. थायरॉइड मंदावलेला असतो, पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साचत असतं, झोपेच्या गोळीने गुंगी असते, नैराश्य असतं, आणि घरचे सहा महिने डबा संपायची वाट पाहतात.

ताक प्या, आंबील प्या, बासी खा, मोडाची उसळ खा, चवीने खा. मधुमेह असेल तर भात मोजून खा. हे अन्न आहे, आणि अन्न म्हणून ते उत्तमच आहे. पण जे साठीपुढचे आहेत, शाकाहारी आहेत, साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोज गोळी घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून बी-बारा तपासून घ्यावं. या दोन्ही औषधांनी ते आणखी घटतं. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. आकडा कमी आला तर इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करा. दह्याने तो भरून निघेल म्हणून वाट पाहत बसू नका.